भुताचे पिक्चर आणि बाहेरचं कुलूप

माझ्या वयाच्या बाया कीर्तनं ऐकतात. मी भुताचे पिक्चर बघते. आवड होती असं नाही. टीव्ही माझ्या पलंगासमोर आहे, नात आली की तिच्या मैत्रिणी येतात, आणि त्या जे लावतील ते मला बघावं लागतं. उठून दुसऱ्या खोलीत जायचं तर खुब्याचं ऑपरेशन झालेलं आहे. मी चौथी शिकले. लिहायची सवय नाही. पण नात म्हणाली, तू जे बोलतीस ते कागदावर उतरव, म्हणून उतरवते.

आमचं गाव मुखेडपासून आत आहे. तिथं न्हाणीत पडले आणि खुबा मोडला. मुलानं नांदेडला आणलं, ऑपरेशन केलं आणि आपल्याकडंच ठेवून घेतलं. तिसरा मजला. लिफ्ट नाही. मुलगा सरकारी कचेरीत आहे, सून भोकरकडं शाळेवर मास्तरीण आहे. नात लातूरला हॉस्टेलात राहून शिकते आणि दर दुसऱ्या शनिवारी येते. घरात एवढीच माणसं.

पहिले तीन महिने दाराला कुलूप नव्हतं. आमच्याकडं घरात माणूस असलं की दार उघडं असतं. दिवसा दार लावलेलं दिसलं की शेजारची बाई विचारायला येते, काय झालं म्हणून. मी इथंही दार उघडं टाकून जिन्यात बसायची. वारा यायचा, माणूस दिसायचं. एक दिवस वरून एक जण उतरला, नमस्कार मावशी म्हणाला, आमच्या घरात शिरला आणि भरलेलं सिलिंडर खांद्यावर घेऊन निघाला. मला वाटलं गॅसवालाच आहे. मी पाय आखडून त्याला वाट दिली आणि वर सांगितलं, "सांभाळून उतर रे, पायऱ्या वल्ल्या हायत." तो हाव म्हणाला आणि सांभाळून उतरला.

संध्याकाळी घरात चहा होईना तेव्हा कळलं. मुलगा बोलला. "माय, उद्या तुह्या गळ्यावर कुणी हात ठेवला तर?" दुसऱ्या दिवसापासून कुलूप सुरू झालं. सकाळी साडेनवाला दोघं निघतात. तो तिला मोटारसायकलवर बसस्टँडवर सोडतो आणि पुढं कचेरीत जातो. दार ओढायचं, कडी घालायची, कुलूप लावायचं आणि एकदा ओढून बघायचं, हे काम सुनेचं. ते ओढून बघणं मला पलंगावर ऐकू येतं. संध्याकाळी सहाला उघडतात.

मी कुरकुर केली तेव्हा मुलानं मला एक जादा किल्ली दिली. "काही झालं तर असू दे तुह्याजवळ." मी ती उलटीपालटी करून बघितली. म्हणाले, "कुलूप बाहेर हाय की रे." तो म्हणाला, "असू दे, माय." मी किल्ली टीव्हीखालच्या खणात टाकली.

आता पोरींचं सांगते. नातीच्या दोन मैत्रिणी आहेत. एक चष्मेवाली, इथलीच, मोठ्या आवाजाची. दुसरी किनवटकडची, इथं नांदेडला खोली करून शिकते, कमी बोलते. रविवारी जेवणं झाली की तिघी येऊन पडदे ओढतात, चुरमुरे घेऊन माझ्या पलंगाला टेकून बसतात आणि नवीन काय आलं ते लावतात. संपलं की भांडतात. दहापैकी किती द्यायचे यावर तर हमरीतुमरीवर येतात.

चष्मेवालीला रक्त लागतं. मुंडकं उडालं की ती खूश. "पैसा वसूल," म्हणते. माझ्या नातीला हळूहळू चालणारं आवडतं. तासभर एक बाई रिकाम्या घरात फिरते, नळ टपटपतो, आणि नात श्वास रोखून बसते. चष्मेवाली म्हणते, "हे काय भुताचं हाय का? नळाला वायसर बसवा म्हणावं, संपला पिक्चर."

नात म्हणते, "तुला डोकंच न्हाई. तू खाटकाच्या दुकानासमोर जाऊन बस."

किनवटवाली दोघींना हसते. तिला एकच मालिका आवडली होती. मुलींचं वसतिगृह असतं, रोज संध्याकाळी मोजणी होते, आणि एक दिवस मोजणीत एक मुलगी जास्त भरते. पुन्हा मोजतात, पुन्हा एक जास्त. सगळ्या चेहऱ्यानं ओळखीच्या. चष्मेवालीनं दहापैकी तीन दिले. तेव्हा किनवटवाली पहिल्यांदा तावातावानं बोलली. "तू हॉस्टेलात राहिली न्हाईस. आमची मोजणी जुळल्याबिगर जेवायला बसू देत नव्हते. एक कमी भरली तर शोधतात. एक जास्त भरली तर कुणाला हाकलायचं?" मला ते पटलं. मी दहापैकी नऊ दिले. तेव्हापासून त्या माझेही मार्क धरायला लागल्या.

माझं मत मी तेव्हाच सांगितलं होतं. या सगळ्या पिक्चरांत एक चूक आहे. भूत मागं लागतं, माणसं धावत घरात शिरतात, आतून कडी लावतात, आणि बघणारे घाबरतात की आता भूत दार फोडणार. अगं, आतून कडी लावायला मिळाली म्हणजे अर्धं सुटलंच की. कडी आपल्या हातात आहे. बाहेरून कडी असेल तर मग काय करशील? चष्मेवाली म्हणाली, "आजी लई डेंजर हाय गं." नात हसली. किनवटवालीनं दाराकडं बघितलं. रविवार होता, दाराला कुलूप नव्हतं.

भूकंपाचंही मी त्यांना सांगितलं. पिक्चरात घर हलतं तेव्हा आधी भिंती हलतात. आमच्या लातूरकडं, माझ्या माहेरात, भूकंपाच्या वर्षी आधी भांडी वाजली होती. फळीवरची भांडी. नंतर बाकीचं. पुढं कितीतरी महिने लोक अंगणात झोपले, घरात पाय ठेवायला तयार नव्हते. यांच्या पिक्चरातली माणसं भीती वाटली की घरात पळतात. ज्यानं घराचीच भीती बघितली नाही त्यानं लिहिलेलं ते.

दिवाळीनंतर त्यांनी एक नवीन मालिका लावली. मराठीतच होती. एक नवी सून बंगल्यात येते आणि तिच्या अंगात कोणी तरी शिरतं. मोकळे केस, घोगरा आवाज, पुरुषासारखं बोलणं. तिघीही गार पडल्या. चष्मेवालीनं उशी धरली. दुसऱ्या भागात ती सून सासूच्या अंगावर धावून जाते आणि ओरडते, "सासूबाई, तुम्हाला मी सोडणार नाही!"

मी म्हणाले, "नाटक करून राहिली ती."

"आजी, गप ना!"

"अगं, अंगात बिंगात काही न्हाई तिच्या. बघशील."

नात चिडली. तिच्या मते ती मालिका वर्षातली सगळ्यात चांगली होती. आठ भाग होते. त्यांनी चार त्या दिवशी बघितले आणि चार पुढच्या खेपेला. शेवटच्या भागात उघड झालं की सुनेच्या अंगात कोणीच नव्हतं. तिला त्या घरातून सुटायचं होतं. तिघी माझ्याकडं वळल्या.

"आजी, तुमाला आधी कसं कळलं? आधी बघितली होती का?"

मी म्हणाले, "ती सासूला तुम्ही म्हणाली. भूत कुणाला अहो-जाहो करतं का? जो आत शिरलाय तो कुणाच्या घरचा जावई हाय? तो 'ए म्हातारे' म्हणंल. सासूबाई, तुम्ही, हे सुनेच्या जिभेवरच बसलेलं असतं."

तिघी ओरडल्या. चष्मेवाली म्हणाली, "बाप्पा! मालिका लिहिणाऱ्यानं मुद्दाम ठेवलं असंल काय?" नात म्हणाली, "न्हाई, चुकून झालं असंल." यावर त्यांचं भांडण लागलं. किनवटवालीनं मात्र मला विचारलं, "पण आजी, हे तुमच्या ध्यानात कसं आलं?"

तिथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण पन्नास वर्षं ज्यांना सांगितलं नाही ते सगळे मरून गेले होते. मी सांगितलं. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. दोन पंचम्या गेल्या, सासूनं मला माहेरी पाठवलं नाही. पंचमीला प्रत्येक सुनेचा भाऊ न्यायला येतो. माझाही आला होता. दोन्ही खेपेला त्याला भाकरी खाऊ घालून परत लावलं. रानात काम आहे म्हणून. तिसऱ्या वर्षी मी ठरवलं. आमच्या गावाजवळ दर्गा आहे, गुरुवारी तिथं बायांना हाजरी यायची, म्हणजे ज्यांना बाहेरचं लागलंय त्या घुमायच्या, बोलायच्या. मी दोन गुरुवार जाऊन नीट बघून आले. केस कसे सोडायचे, मान कशी फिरवायची, डोळे कुठं लावायचे. पंचमीच्या चार दिवस आधी भर दुपारी भाकरी थापता थापता काठवट उलटी केली आणि सुरू झाले. आवाज घोगरा काढला. म्हणाले, "हिला माहेरला नेऊन घाला, न्हाई तर मी या घरातून जात न्हाई." नवऱ्यानं लिंबू आणलं. आणि मी सासूला काय म्हणाले? म्हणाले, "आत्याबाई, तुमी मधी बोलू नका."

पोरी हसून आडव्या झाल्या.

"मग? कुणाला कळलं न्हाई?"

"कुणाला बी न्हाई. दुसऱ्या दिवशी बैलगाडीत बसवलं. सासू एवढी भ्याली होती की तिनं मला खणाचं कापड दिलं."

हसणं चालू होतं तेवढ्यात मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा दिसला. हातात चहाचा कप. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्यानं विचारलं, "म्हणजे तुला काही लागलंच नव्हतं, माय?"

"न्हाई."

"मी दरसाल तिथं चादर चढवून राहिलो. आजीनं सांगितलं होतं, तुह्या मायला तिथनं गुण आला, तू हयातभर सोडू नको म्हणून. बदलीच्या गावाहून रजा काढून गेलो मी."

"चढव की. दर्ग्यानं काय केलं तुहं?"

पोरींनी टीव्हीचा आवाज बंद केला. मला वाटलं, गोष्ट निघालीच आहे तर बोलून घ्यावं. मी म्हणाले, "तवा मला सरळ सांगून कुणी सोडलं नसतं, म्हणून घुमले. आता सरळ सांगते. ते बाहेरचं कुलूप काढ. दिवसभर छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतंय. आग लागली, घेरी आली तर कुणाला हाक मारू?"

त्यानं चहाचा कप टीव्हीच्या टेबलावर ठेवला. "आता हे खरं, की हे बी तसंच?"

तो बाहेर निघून गेला. नात म्हणाली, "बाबा चिडले." चष्मेवालीनं चुरमुरे गोळा केले. त्या दिवशी मार्कांचं भांडण झालं नाही.

पुढचे तीन महिने माझ्या कुठल्याच बोलण्याला घरात वजन उरलं नाही. पाय दुखतो म्हणाले तर मुलगा आधी माझ्या तोंडाकडं बघायचा. छातीत धडधडतं म्हणाले तर सून मशीननं रक्तदाब मोजायची आणि आकडा नवऱ्याला दाखवायची. आकडा बरोबर निघाला की दोघं एकमेकांकडं बघायची. कुलपाचा विषय मी दोनदा काढला. तो म्हणाला, "चोऱ्या बघ किती वाढल्यात."

दिवस कसा जातो ते सांगते. साडेनवाला कुलूप. दहाला समोरच्या घरची बाई पोराला शाळेत घेऊन उतरते. अकराला झाडूवाली, फक्त दुसऱ्या मजल्यापर्यंत. मग जिना रिकामा. एकला खालची बाई गच्चीवर वाळवण उचलायला जाते, तिच्या चपला पटपट वाजतात. मग चारपर्यंत काही नाही. गॅलरीला पूर्ण जाळी आहे, खाली बघितलं तर गाड्यांची टपं दिसतात. मी टीव्ही लावते. रिमोटमध्ये बोलायचं बटण आहे. मी "भुताचं लाव" म्हणते. त्याला माझं बोलणं पहिल्या खेपेला कळत नाही. अशा रीतीनं मी पोरींच्या माघारी एकटीनं सतरा मालिका बघितल्या. रविवारी माझी मतं ऐकून चष्मेवाली म्हणायची, "आजीला काम न्हाई, आपल्या पुढं गेली." खरंच काम नव्हतं.

एक गोष्ट कोणत्याच मालिकेत मला दिसली नाही. कोंडलेलं माणूस सारखं दाराशी जात नाही. पहिले काही दिवस जातं. मग दार आहे हेच विसरायचा प्रयत्न करतं. मी पलंग असा फिरवून घेतला होता की दार पाठीशी यावं.

फाल्गुनात मुलाला ताप आला. रात्रभर फणफणला, सकाळी उतरला, पण अंग मोडून आलं होतं म्हणून त्यानं रजा टाकली. आतल्या खोलीत झोपला. सून एकटीच निघाली. बस चुकेल म्हणून घाईत होती. मी ऐकलं, दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं, एकदा ओढून बघितलं. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. खरं ते लिहिते. हाक मारली असती तर ती थांबली असती.

अकराच्या सुमाराला तो उठला. दूध आणायला दार ओढलं. उघडेना. पुन्हा ओढलं. मग माझ्याकडं वळला.

"माय, बाहेरून लावलंय!"

"हाव. रोज लावतात."

त्यानं बायकोला फोन केला. ती वर्गात असणार, लागला नाही. कचेरीतल्या एका दोस्ताचा नंबर काढला आणि पुन्हा खिशात ठेवला. "काय सांगू त्याला? बायको कोंडून गेली म्हणू?" खणातली किल्ली काढली, हातात धरून दारापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. मी त्याला सांगितलं, "एकला खालची गच्चीवर जाती. दाराखालून किल्ली सरकव, ती काढंल. तवर कुणी येत न्हाई."

"तुला काय ठाऊक?"

मी रिमोट शोधायला लागले.

त्यानं दारावर थापा मारल्या. गॅलरीत जाऊन खाली वाकून बघितलं, ओरडायची लाज वाटली, परत आला. फ्रीज उघडला, लावला. दोन खेपा संडासात जाऊन आला. मी टीव्ही लावला. मोजणीच्या मालिकेचा नवीन हंगाम आला होता. तो खुर्चीत टेकला. याला कधी असलं काही आवडलं नाही, पोरी बघताना तो नाक मुरडायचा.

"ही जास्तीची पोरगी कोणती म्हणायची?"

"अजून कळलं न्हाई. त्याच भानगडीत हायत."

"मग बाकीच्या पळून कामून जात न्हाईत?"

"दाराला बाहेरून कुलूप हाय."

तो पाच मिनिटं बसला. मग उठला, दाराशी गेला, दार हलवून बघितलं. कडी बाहेर होती, आतून फक्त लाकूड हलत होतं. परत येऊन बसला. त्या दोन तासांत तो किती वेळा उठला ते मी मोजलं नाही. कपाळावर घाम आला होता. तापाचा असेल. म्हणाला, "हवा न्हाई काय की इथं." खिडक्या दोन्ही उघड्या होत्या.

एकला चपला वाजल्या. तो धावला आणि दाराला तोंड लावून बोलला, "वहिनी, ओ वहिनी, जरा थांबता का? किल्ली देऊन राहिलो खालून." बाई घाबरली. "कोण हाय आत?" त्यानं स्वतःचं नाव सांगितलं, हुद्दाही सांगितला. तिनं किल्ली घेतली. कुलूप काढता काढता म्हणाली, "तुमी आत कसे, भाऊ? आत तर आजी असतात."

तो दूध न आणताच आतल्या खोलीत जाऊन पडला.

संध्याकाळी सून आली तेव्हा त्यानं आवाज चढवला. "बघून तरी कुलूप लावावं माणसानं! मी आत होतो ना?"

तिनं पिशवी खाली ठेवली. ती दमली होती. म्हणाली, "ध्यानातच राहिलं न्हाई. आत्या रोज आत असतात, तसा हात गेला. माणूस आत हाय हे बघून कुलूप लावायचं असं कधी केलंच न्हाई ना आपण."

तिला ते मला लागेल असं वाटलं नव्हतं. बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि स्वयंपाकाला लागली. मुलगा टीव्हीकडं बघत बसला, टीव्ही बंद होता.

दुसऱ्या दिवशी साडेनवाला दोघं निघाले. दार ओढल्याचा आवाज आला. पुढचे आवाज आले नाहीत. मुलगा बाहेरूनच म्हणाला, "माय, आतून कडी लाव. वळखीच्याबिगर उघडू नको." पायऱ्या उतरला. माफी मागायची त्याची रीत नाही, माझीही नाही. तो दर्ग्याचं बोलला नाही, मीही काढलं नाही.

मी कडी लावली. अकरापर्यंत बसले. मग कडी काढली आणि काठी घेऊन जिन्यात आले. बसायचं नव्हतं, उतरायचं होतं. एक एक पायरी, कठड्याला धरून, दुखरा पाय आधी. दुसऱ्या मजल्यावर पोचायला इतका वेळ लागला की तिथं झाडणाऱ्या झाडूवालीनं दोनदा मान वर करून बघितलं. "कुठं निघालात आजी?" म्हणाली. मला सांगता आलं नाही, कारण कुठंच निघाले नव्हते. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. दोन बंद दारं, एक पायपुसणं, वाळलेली तुळस. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि पुन्हा वर चढायला लागले. चढताना खुब्यातून कळा आल्या. अर्ध्या वाटेत बसावं लागलं.

घरात आले तर पलंगावर माझा साधा फोन वाजत होता. मुलाचा. आठ वेळा येऊन गेला होता.

"कुठं होतीस?"

"जिन्यात."

"कामून? काय काम होतं?"

"काही न्हाई. गेले होते."

त्याच्याकडं कुणी तरी शिक्के मारत होतं, ते ऐकू येत होतं. मग म्हणाला, "दार लावलंस का आता?"

"लावते," म्हणाले आणि फोन ठेवला. पाय फार ठणकत होता. उंबऱ्याशीच खुर्ची ओढून बसले आणि पाय बाहेर जिन्याकडं लांब केला.